सोन्याचा किडा आणि एकाहत्तरावी फ्रेम

जिवंत किडा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा सोडून मी वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला, आणि तो मेला.

सुरुवात एवढीच आहे. हडळ नाही, अमावस्या नाही, पिंपळ नाही... तेव्हा कुणी पांघरूण घेऊन वाचायला बसलं असेल तर काढून ठेवावं, उकडेल.

भुताखेतांच्या या सदरात लिहिणारे बहुतेक जण आधी सांगतात, की आमचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता, पण माझ्याकडे त्याला धंद्याचं कारण आहे. जिंतूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. बावीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. एवढ्या वर्षांत तीन गिऱ्हाइकं घाबरून अल्बम परत घेऊन आली — नवरीच्या मागे कुणीतरी धुरकट बाई उभी आहे म्हणून. तिन्ही वेळा ती बाई म्हणजे माझं बोट होतं, लेन्ससमोर आलेलं. त्यामुळे फोटोत भूत दिसलं की मी आधी स्वतःचे हात बघतो.

गेली चार-पाच वर्षं मला किड्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय. किडा हे फार चांगलं गिऱ्हाईक. 'माझं पोट दिसायलंय' म्हणत नाही, मामाला बोलवा म्हणत नाही. फक्त एक अडचण असते. इतक्या जवळून फोटो काढला, की किड्याचा एखादा केस तेवढा स्पष्ट येतो, बाकी सगळं धूसर. म्हणून मग कॅमेरा एका बारीक स्क्रूच्या पट्टीवर बसवायचा, आणि तो केसापेक्षाही कमी अंतराने पुढे सरकवत दीडशे-दोनशे फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत किड्याची एकेक चकती स्पष्ट येते — कांद्याच्या चकत्या म्हणा. मग कॉम्प्युटर त्या सगळ्या चकत्या जोडून अख्खा कांदा... म्हणजे अख्खा किडा करून देतो. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. यात किड्याने हलायचं नाही, टेबलाने हलायचं नाही आणि माणसाने शिंकायचं नाही. किडा गप बसावा म्हणून त्याला थोडा वेळ फ्रीजमध्ये गार करतात. *थोडा वेळ.* आणि *खालच्या कप्प्यात.*

आता तो किडा कोणता, आणि त्याच्या मरण्याने माझ्या तोंडचं पाणी का पळालं, ते सांगायला चाळीस वर्षं मागे जावं लागेल.

मी सात वर्षांचा, माझी बहीण अक्का बारा वर्षांची. आमच्या गावाच्या ओढ्याकाठी बेशरमीची गच्च झाडी होती. तिथल्या एका पानावर अक्काला एक किडा सापडला. टिकलीएवढा, आणि अंगभर सोन्याचा. सोनेरी नव्हे, *सोन्याचा* — सराफाच्या दुकानातला असतो तसा. आणि त्याच्या भोवती काचेसारखी पारदर्शक कड. तिने तो काड्यापेटीत ठेवला, जेवताना सगळ्यांना दाखवायचा म्हणून. मला मात्र आधी दाखवला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

मग ती भाकरी थापायला गेली तेव्हा मी ती काड्यापेटी पळवली आणि उघडून पत्र्यावर उन्हात ठेवली. उन्हात तो आणखी चमकेल, असं माझं शास्त्र. किडा मेला. मी पेटी बंद करून गुपचूप जागेवर ठेवून दिली. जेवताना अक्काने सगळ्यांसमोर पेटी उघडली... आत शेंगदाण्याच्या फोलपटाच्या रंगाचा एक मेलेला किडा.

थोरला दादा पोट धरून हसला. "सोन्याचा किडा! घाला अक्काच्या नाकात!"

अक्का म्हणाली, "देवाशप्पथ सोन्याचा व्हता. बंड्यानं बी पाह्यलाय."

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माझ्याकडे पाहिलं. "पाह्यलास का रे?"

हो म्हणालो असतो तर पेटी उन्हात कुणी ठेवली इथपर्यंत गोष्ट गेली असती. मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो, "न्हाई."

तेव्हापासून आमच्या घरात 'सोन्याचा किडा' म्हणजे थाप. अक्का काहीही बोलली की दादा म्हणायचा, "हां हां, सोन्याचा किडा." तिला चारठाण्याला दिली, तर दादाने तिच्या लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट सासरच्यांना रंगवून सांगितली. मग दाजी तेच म्हणायला लागले, पुढे पोरंही. एकदा गोठ्यातल्या शेळीला साप डसताना अक्काने पाहिला, ती धावत सांगत आली. सगळे म्हणाले, "सोन्याचा साप व्हता का?" संध्याकाळपर्यंत शेळी मेली. ही गोष्ट अक्काने मला हसत हसत सांगितली होती.

मी बोललो का? नाही. सात वर्षांचा असताना खोटं बोललो, ते समजू शकतो. पण पुढे पंचवीस, पस्तीस, सत्तेचाळीस वर्षांचा झालो तरी... माणसाला रोज नवीन कारण सापडतं.

किड्यांचा नाद मला का लागला, असं लोक विचारतात. मी सांगतो, कलेची आवड. खरं म्हणजे मी तो एकच किडा शोधत होतो. आमच्या ओढ्यावरची बेशरम केव्हाच जेसीबीने खरडून काढली होती. मी देवगाव फाट्यापासून पार पूर्णेपर्यंत, जिथे बेशरम दिसेल तिथे गाडी थांबवून पानं उलटी-सुलटी करायचो. लोकांना वाटायचं फोटोग्राफरला परसाकडं बसायला जागा सापडत नाही.

आणि गेल्या दिवाळीनंतर, एका गुरुवारी सकाळी, तो सापडला. चारठाण्याच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या डबक्यावर. तसाच — टिकलीएवढा, सोन्याचा, काचेची कड. मी मधली चाळीस वर्षं विसरून तिथेच उकिडवा बसून हसत होतो. मोबाईलवर फोटो काढला, तर सोयाबीनच्या दाण्यावर ऊन पडल्यासारखा काहीतरी धूसर ठिपका आला. हरकत नाही, म्हटलं. रविवारी अक्काच्या नातवाचं जावळ होतं, चारठाण्याला दादासकट सगळे जमणार होते. टीव्हीवर ताटाएवढा किडा दाखवायचा. मला काही बोलायचीसुद्धा गरज पडणार नाही, फोटोच बोलेल. धाडस म्हणतात ते असं.

घरी आलो, किड्याची डबी फ्रीजमध्ये ठेवली. तेवढ्यात एक बारशाची ऑर्डर आली, म्हणून गेलो. संध्याकाळी परत आलो तर बायकोचा, म्हणजे सुनीताचा, आवाज.

"अहो, बर्फाच्या कप्प्यात हे काय ठेवलंय? मटाराच्या पिशवीखाली?"

डबी उघडली. फोलपटाच्या रंगाचा किडा. पाय पोटाशी घेतलेले. चाळीस वर्षांनी, दुसऱ्यांदा, माझ्याच हाताने. एकदा भाजून मारला, एकदा गोठवून. मधलं हवामान त्या जातीला मी मिळूच दिलं नाही.

सुनीताने विचारलं, "हाच का तो सोन्याचा?" मी म्हणालो, "सकाळी होता." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि अक्काला चाळीस वर्षं कसं वाटलं असेल ते मला त्या एका नजरेत कळलं.

तरी म्हटलं, रंग गेला तर गेला, आकार तर आहे. निदान ती काचेची कड दिसेल. असा किडा असतो एवढं तरी पटेल. पण माझा स्टुडिओ घराच्याच पुढच्या खोलीत, मेन रोडवर. एसटी गेली की टेबल थरथरतं, आणि या कामात एवढी थरथर म्हणजे भूकंप. मग आठवलं, अक्काच्या घरी आतल्या खोलीत जमिनीत पक्कं बसवलेलं दगडी जातं आहे. शुक्रवारी दुपारी सगळं सामान घेऊन मी चारठाण्याला पोचलो. घरात अक्का एकटीच होती, बाकी सगळे जावळाच्या खरेदीला गेले होते.

"काय करायलास रे बंड्या?" जात्यावर मी कॅमेऱ्याची पट्टी आवळत होतो तेव्हा तिने विचारलं.

"किड्याचा फोटो काढायलोय."

"जात्यावर? दळायलास का त्याला?"

"हलू नये म्हणून गं. दगड हाय ना."

"थांब मग. रिकाम्या जात्यावर काही मांडू न्हाई." ती गेली, मूठभर ज्वारी आणून जात्याच्या तोंडात घातली, दगडाला हळद-कुंकू लावलं. मग माझ्या कॅमेऱ्यालाही लावलं. मी लावू दिलं. बावीस वर्षांच्या धंद्यात माझ्या कॅमेऱ्याला लोकांनी पुरणसुद्धा लावलेलं आहे.

किडा टाचणीच्या डोक्यावर डिंकाने चिकटवला, मागे काळं मखमली कापड. दोन बाजूंनी दोन फ्लॅश. प्रकाश मऊ यावा म्हणून किड्यावर आइस्क्रीमचा पांढरा डबा पालथा घातला, समोरून लेन्सपुरतं भोक पाडलेला. एकशे साठ फोटो, सहा-सहा सेकंदांनी, कॅमेरा आपोआप पुढे सरकत जाणार — डोक्यापासून शेपटापर्यंत. सोळा मिनिटांचं काम.

"आता सोळा मिनिटं हलायचं न्हाई," मी तिला सांगितलं.

"मी कशाला हलू? तूच हलतूस."

फ्लॅश उडायला लागले. टिप... टिप... टिप. आम्ही दोघं भिंतीला टेकून समोरासमोर, मांडी घालून. मोबाईल बघायचा नाही, चहा नाही, उठायचं नाही. सख्ख्या बहिणीसमोर नुसतं बसून राहायची वेळ माझ्यावर बहुतेक पहिल्यांदाच आली होती.

"कोणता किडा हाय?" तिने हळूच विचारलं.

मी मनात फ्लॅश मोजत होतो. साठ झाले होते.

"तोच," मी म्हणालो. "सोन्याचा. काल सापडला. मीच मारला. बर्फात ठेवला चुकून."

अक्का हसली. "बघ, तुला बी कुणी खरं मानणार न्हाई आता."

तिच्या त्या हसण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच बहुतेक माझ्या तोंडून निघून गेलं. "अक्का... तवा बी मीच मारला व्हता. उन्हात ठेवून. आन् मी पाह्यला व्हता. सोन्याचाच व्हता. अण्णांनी इचारलं तवा मी खोटं बोललो."

टिप. टिप. अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग कसलाही इशारा न देता ती पुढे वाकली आणि माझ्या पाठीत असा काही धपाटा घातला, की माझा गुडघा जाऊन कॅमेऱ्याच्या पट्टीवर आपटला.

"चाळीस वर्सं! चाळीस वर्सं रे मुडद्या!"

"हलू नको! फोटो चालूयत!"

"जळू दे तुझे फोटो!" असं म्हणाली, पण बसली. जागेवरच. आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, बराच वेळ, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं हसू किती आणि दुसरं काय किती हे मी मोजलं नाही. मी फ्लॅश मोजत होतो. शेवटचा उडाला तेव्हा तिने डोळे पुसून विचारलं, "दादाला सांगशील का रविवारी?"

"फोटो दाखवतो की," मी म्हणालो.

"मी फोटोचं इचारलं न्हाई," अक्का म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

मी डबा उचलला. किडा टाचणीवर होता तसाच. तपकिरी, सुकलेला.

आता नीट वाचा, कारण सगळी भानगड इथून पुढे आहे.

शनिवारी सकाळी स्टुडिओत सगळ्या फाइली उघडल्या. पहिला फोटो — तपकिरी. दहावा, तिसावा, सत्तरावा — तपकिरी. एकाहत्तरावा हललेला, दोन-दोन किडे दिसतात, तो अक्काचा धपाटा. आणि बहात्तरावा...

मी सुनीताला हाक मारली. ती पीठ मळता मळता आली, हात तसेच. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अहो, हा तर खरंच सोन्याचा की."

बहात्तरपासून एकशे साठपर्यंत, एकोणनव्वद फोटो, किडा सोन्याचा होता. हळूहळू झालेला नाही. सत्तरला फोलपट, बहात्तरला सोनं. सगळे जोडले तर असा किडा तयार झाला, की तोंडाकडून खांद्यापर्यंत तपकिरी आणि तिथून मागे सगळी पाठ झळझळीत, कडेला काच. कुणीतरी मागून सोनं ओतत आणलंय आणि ते डोक्यापर्यंत यायचं राहिलंय, असं वाटावं.

मी आधी माझे हात बघितले. मग बाकीचं. कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग हाताने पक्क्या केलेल्या, आपोआप काही बदलणार नाही. धपाट्याने फ्लॅश सरकला म्हणावं तर टाचणीचं डोकं आणि मागचं मखमल सत्तराव्या आणि बहात्तराव्या फोटोत अगदी एकाच रंगाचं. फाइली कॅमेऱ्यातल्या कच्च्या, मी हात न लावलेल्या. आणि किडा माझ्यासमोर डबीत पडलेला — तपकिरी.

परभणीला शेतीच्या कॉलेजात किड्यांचा विषय शिकवणारे एक सर माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना फाइली पाठवल्या. त्यांचा फोन आला.

"या जातीत असं असतं," ते म्हणाले. "पाठीच्या पापुद्र्यात ओलावा असतो तोवर सोनेरी दिसतो. मेला, वाळला, की जातो रंग. ओल मिळाली तर थोडा परत येऊही शकतो. तुम्ही पाणी लावलं होतं का?"

"नाही सर."

"नक्की? कुणी काही शिंपडलं? वाफ?"

मला अक्काचे डोळे आठवले. पण ती दोन हात लांब होती, आणि किड्यावर डबा पालथा होता. मी म्हणालो, "नाही."

"बरं, आणि पाणी लावलं असतं तरी बारा सेकंदांत एवढा फरक..." फोनवर माऊसची टिकटिक ऐकू आली. "तुम्ही दोन किडे तर नाही ना काढले?"

"सर, एक सापडायला चाळीस वर्षं गेली."

"मग मला माहीत नाही," सर म्हणाले. शिकलेला माणूस इतकं सरळ बोलला की खरी भीती वाटते.

दुपारी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सगळं पुन्हा मांडलं. तोच किडा, तीच टाचणी, तोच डबा, ओट्यावर मूठभर ज्वारी. सत्तर फोटो झाल्यावर सुनीताला सांगितलं, पाठीत धपाटा घाल. ही विनंती तिला फार आवडली. एक सांगितला होता, तिने तीन घातले. किडा शेवटपर्यंत तपकिरीच राहिला. फरक इतकाच, की या वेळी माझ्याकडे कबूल करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं... असं मी म्हणत नाही. असं सुनीता म्हणते.

रविवारी चारठाण्याला जावळ झालं. पंगत बसायच्या आधी मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि सगळ्यांना आत बोलावलं. दाजी, पोरं, सुना, आणि खुर्चीवर दादा, आता साठीला आलेला. टीव्हीवर किडा आला, चांगला परातीएवढा. पोरं टीव्हीजवळ सरकली. अक्का दारात उभी होती, हातात ताटं. तिने ती खाली ठेवली नाहीत. नुसती बघत राहिली. तिचा चेहरा बारा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता.

मला वाटलं, झालं. सुटलो.

दादा खुर्चीतून पुढे वाकला, मग मागे टेकला. "बंड्या, नवऱ्या गोऱ्या करतूस, ते ठीक हाय. किडा सोनेरी केलास व्हय? आन् अर्धाच केलास. रंग संपला का?"

सगळे हसले. दाजी म्हणाले, "सोन्याचा किडा, दुसरा भाग!" आणि अक्काही हसली, तेच हसणं, शेळीची गोष्ट सांगताना हसली होती ते. तिने नजर खाली केली आणि ताटं मोजायला लागली.

बावीस वर्षं मी सावळ्या नवऱ्या गोऱ्या करत आलो. माझ्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार? किड्याने त्याच्या परीने जे करायचं ते केलं होतं. आता माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीही नव्हता.

मी टीव्ही बंद केला.

"दादा, फोटोचं सोड. तवा अक्कानं आणला व्हता तो किडा सोन्याचाच व्हता. मी पाह्यला व्हता. मीच उन्हात ठेवून मारला. अण्णांनी इचारल्यावर मी खोटं बोललो. अक्का त्या दिवशी खरं बोलत व्हती. शेळीचं बी खरं व्हतं."

कुणी हसलं नाही. दाजींनी एकदा अक्काकडे पाहिलं आणि मग बराच वेळ आपल्या पायांकडे. दादाने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मलाच म्हणाला, "मग इतके दिवस का गप बसलास रे?"

याचं उत्तरही माझ्याकडे नाही. बहात्तराव्या फोटोचं नाही, तसंच याचंही. किडा आता अक्काच्या घरी, भिंतीतल्या देवळीत, काड्यापेटीत आहे. मी चारठाण्याला गेलो की उघडून बघतो. अजून तपकिरीच आहे. ती कधी उघडते का, आणि तिला तो कसा दिसतो, हे मी विचारत नाही. आता ती जे सांगेल ते मानावं लागेल.

पण त्या दिवशी उत्तर मला द्यावंच लागलं नाही. अक्काने ताटं दाजींच्या हातात दिली... दाजींच्या, हो, आणि त्यांनी ती मुकाट्याने घेतली. मग दादाला म्हणाली,

"त्याला काय इचारायलास? मेलेला किडा सोळा मिनिटांत खरं बोलला, ह्या जित्त्याला चाळीस वर्सं लागली. बसा सगळे पानावर. आन् ह्याला शेवटी वाढा."